दमा रक्तातून येतो की घरातल्या हवेतून? : वाचकांचे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर दम्याविषयी बरीच पत्रे येतात. यंदाच्या पत्रांत ‘वंश’ हा शब्द वारंवार आला आहे. कोणाला त्याची भीती वाटते, कोणाला त्याचा दोष दिला जातो, तर कोणी त्याच्या आधाराने औषध थांबवू पाहतो. म्हणून या वेळी याच विषयावरची पाच पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना दमा होता, यजमानांना लहानपणी होता आणि आता सहा वर्षांच्या मोठ्या मुलालाही पंप सुरू आहे. मला चौथा महिना लागला आहे. नात्यातल्या काही जणी ‘यांच्या वंशातच दमा आहे, आता दुसऱ्यालाही होणार’ असे बोलून दाखवतात. खरोखरच तसे आहे का? बाळाला दमा होईल का, हे रक्ताच्या जनुकीय तपासणीवरून आधी कळेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमच्या बाळाला दमा होणारच, असे कोणालाही सांगता येत नाही, जे सांगतात ते चुकीचे सांगतात. थॅलेसेमियात एका ठरावीक जनुकातील दोषाने रोग होतो आणि तो पुढच्या पिढीत किती प्रमाणात उतरेल याचे गणित मांडता येते. दम्याचे तसे नाही. दम्याशी संबंध असलेल्या शंभराहून अधिक जागा आपल्या गुणसूत्रांवर आतापर्यंत सापडल्या आहेत आणि त्यांतल्या प्रत्येक जागेचा वाटा अगदी किरकोळ आहे.

वंशाचा भाग मोठा आहे, हे मात्र नाकारता येणार नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दम्याची आनुवंशिकता साधारण ५० ते ८० टक्क्यांच्या घरात निघते. हा आकडा ऐकून अनेक पालक घाबरतात, कारण ‘माझ्या मुलाला दमा होण्याची शक्यता ८० टक्के’ असा त्याचा अर्थ लावला जातो. तो अर्थ पूर्णपणे चुकीचा आहे. एखाद्या समाजात काहींना दमा होतो आणि काहींना होत नाही, या फरकापैकी किती भाग जनुकांतील फरकाशी जोडता येतो, एवढेच तो आकडा सांगतो. एका घरातल्या एका बाळाविषयी तो काहीही सांगत नाही. बाळासाठी उपयोगी पडेल असा हिशेब वेगळा आहे. वडिलांना दमा असल्यास मुलाचा धोका ढोबळमानाने अडीच पट आणि आईला असल्यास तीन पट होतो. समजा, एरवी शंभर मुलांपैकी पाच जणांना दमा होत असेल, तर वडील दमेकरी असलेल्या शंभर मुलांपैकी बारा-तेरा जणांना तो होईल. मोठ्या भावालाही दमा असल्यामुळे तुमच्या बाबतीत हा आकडा थोडा चढा धरावा लागेल. तरीही दमा न होण्याचीच शक्यता अधिक राहते.

वंशाचा जोर किती असू शकतो, याचे ठळक उदाहरण दक्षिण अटलांटिक महासागरातील त्रिस्तान द कुन्हा या एकाकी बेटाचे आहे. एकोणिसाव्या शतकात येऊन स्थिरावलेल्या मोजक्या माणसांपासून तिथली सारी वस्ती वाढली. १९६१ साली ज्वालामुखी जागा झाल्यामुळे बेटावरच्या लोकांना इंग्लंडला हलवावे लागले आणि तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले की, यांच्यात दमा विलक्षण प्रमाणात आहे. पुढे टोरांटोच्या संशोधकांनी बेटावर जाऊन तपासण्या केल्या, तेव्हा जवळपास निम्म्या लोकांत दम्याची लक्षणे आढळली. पहिल्या काही रहिवाशांत दमा होता आणि पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच लग्ने होत राहिली, हे त्याचे कारण. पण हेच उदाहरण उलट बाजूनेही पाहायला हवे. जवळजवळ सगळेच एकमेकांचे रक्ताचे नातलग असलेल्या त्या बेटावरसुद्धा उरलेले निम्मे लोक दम्यावाचून जगले.

आता तपासणीविषयी. २००७ साली ब्रिटिश आणि जर्मन मुलांच्या अभ्यासातून सतराव्या गुणसूत्रावरची एक जागा पुढे आली. ओआरएमडीएल-३ आणि जीएसडीएमबी ही जनुके तिथे शेजारी-शेजारी आहेत आणि लहानपणी सुरू होणाऱ्या दम्याशी या जागेचा संबंध त्यानंतर अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. तरीही या जागेवरील धोक्याची अक्षरे, म्हणजे डीएनएच्या मजकुरातले दम्याचा धोका वाढवणारे फरक, इतकी सर्वसामान्य आहेत की, आयुष्यात एकदाही धाप न लागलेल्या असंख्य माणसांत ती सापडतात. म्हणून कोणाला दमा होईल हे आधी सांगणारी भरवशाची जनुकीय चाचणी आज उपलब्ध नाही. तसा दावा करून कोणी महागडी तपासणी सुचवली, तर कृपया पैसे घालवू नका.

या सतराव्या गुणसूत्राच्या कथेतला खरा महत्त्वाचा भाग नंतर उलगडला. फ्रान्समधील कुटुंबांच्या अभ्यासात २००८ साली असे दिसले की, धोक्याची अक्षरे असलेले मूल अगदी लहान वयात सिगारेटच्या धुरात राहिले, तर त्याचा दम्याचा धोका अधिकच वाढतो. पुढे मध्य युरोप आणि फिनलंडमधील ग्रामीण मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. त्यात तीच धोक्याची अक्षरे असलेल्या, पण गुरांच्या गोठ्याजवळ वाढणाऱ्या मुलांची छातीतली घरघर कमी झालेली आढळली. म्हणजे अक्षर एकच असूनही धुरात ते घातक ठरते आणि गोठ्यापाशी त्याच अक्षराच्या मुलांना अधिक संरक्षण मिळते. ‘वंशातच आहे’ एवढ्यावर विषय संपवणाऱ्यांनी हे जरूर समजून घ्यावे. तुमच्या हातात आहे ते एवढेच, पण ते फार मोलाचे आहे : गरोदरपणात आणि नंतर घरात विडी-सिगारेट, डासांची कॉइल आणि चुलीचा धूर येऊ देऊ नका, भिंतींची ओल काढून घ्या आणि मोठ्या मुलाचा पंप न चुकवता सुरू ठेवा.

प्रश्न : मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. माझ्या दोन मावशी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या बहिणी आहेत. एकीला दमा आहे, दुसरीला नाही. जनुके सारखी असताना असे कसे होते? एपिजेनेटिक्स म्हणतात ते हेच का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या मावश्यांमधला हा फरक दुर्मीळ नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला दमा असताना दुसऱ्याला तो नसणे पुष्कळदा दिसते. एपिजेनेटिक्स हा या फरकामागचा एक धागा आहे, एकमेव नव्हे.

हा शब्द कॉनराड वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९४२ साली घडवला. शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही तो सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून समजेल. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते लिहिलेले असते. ते वारशाने येते आणि सहसा बदलत नाही. गाव नमुना बारामध्ये त्या जमिनीत यंदा काय पेरले, किती क्षेत्र पडीक राहिले याची नोंद असते आणि ती हंगामागणिक बदलते. डीएनएमधील अक्षरांचा क्रम हा आपला नमुना सात. त्यातले कोणते जनुक कोणत्या पेशीत, कधी आणि किती काम करील हे ठरवणाऱ्या रासायनिक नोंदी म्हणजे नमुना बारा, आणि या नोंदींचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. डीएनएवर जागोजागी मिथाइल नावाचे छोटे गट चिकटतात आणि बहुधा तिथले जनुक गप्प होते. डीएनएचा धागा ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरील खुणा बदलल्या की गुंडाळी सैल किंवा घट्ट होते आणि त्यानुसार जनुक वाचले जाते किंवा झाकले जाते. पेशी दुभंगताना यातल्या पुष्कळ नोंदी नव्या पेशींत उतरवल्या जातात. म्हणून लहानपणी झालेला बदल वर्षानुवर्षे टिकू शकतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली नेमक्या तुमच्या मावश्यांसारख्या, एकाला दमा आणि दुसऱ्याला नाही अशा जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या ज्या विशिष्ट पेशी असतात, त्यांचे काम चालवणाऱ्या फॉक्सपी-३ या जनुकावर दमेकरी जुळ्यात मिथाइल गट जास्त आढळले, म्हणजेच आवर घालणारी यंत्रणा त्याच्यात दुबळी झाली होती. त्याआधी याच गटाने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या अत्यंत प्रदूषित शहरातील मुलांत याच जनुकावर तशीच वाढ पाहिली होती.

मात्र विद्यार्थिनी म्हणून तुम्ही एक प्रश्न सतत विचारत राहिले पाहिजे : ही नोंद दम्याचे कारण आहे की परिणाम? २०१८ साली युरोपातील अनेक जन्मगटांच्या (जन्मापासून मागोवा घेतलेल्या मुलांच्या गटांच्या) एकत्रित अभ्यासात दम्याशी निगडित मिथाइल गटांच्या चौदा जागा सापडल्या. शाळकरी वयातील दमेकरी मुलांत तिथे फरक स्पष्ट होता. जन्माच्या वेळच्या रक्तात मात्र तो नव्हता. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी दम्यात चेतवल्या जातात, त्याचाच तो ठसा असावा असे दिसते. एपिजेनेटिक्सच्या नावाखाली आज जे काही विकले आणि सांगितले जाते, त्यातले बरेच या एका प्रश्नापाशी कोसळते.

जनुके जवळपास सारखी आणि राहणी वेगळी असेल तर काय घडते, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी पंथांचे आहे. दोघांचेही पूर्वज मध्य युरोपातील आल्प्सच्या परिसरातले आणि त्यांचा जनुकीय वारसा जवळचा आहे. आहार मिळताजुळता, घरात सिगारेट नाही, कुत्री-मांजरे आत घेण्याची पद्धत नाही. तरीही शाळकरी मुलांतील दम्याचे प्रमाण आमिशांत ५.२ टक्के आणि हटराइटांत २१.३ टक्के आहे. फरक शेतीच्या पद्धतीत आहे. आमिश कुटुंबांच्या दुभत्या गाई आणि घोडे घराशेजारीच असतात आणि मुले अंगणातून गोठ्यात ये-जा करतात. हटराइटांची शेती सामुदायिक आणि यांत्रिक असून गोठे वस्तीपासून दूर असतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात दोन्हीकडच्या घरांतली धूळ गोळा केली गेली. आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंच्या आवरणातून येणारे एंडोटॉक्सिन ६.८ पट होते. ही धूळ उंदरांच्या नाकात घातली, तेव्हा आमिश धुळीने त्यांना दम्यासारख्या विकारापासून वाचवले. हटराइट धुळीने वाचवले नाही.

प्रश्न : मग मुलाला गावी, गोठ्यापाशी ठेवले तर त्याचा दमा जाईल का? निरसे दूध पाजावे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही. गोठ्याचे संरक्षण दिसते ते गर्भावस्थेपासून आणि अगदी पहिल्या वर्षापासून त्या वातावरणात वाढलेल्या मुलांत. एकदा दमा जडल्यावर तीच धूळ, कडब्याचा भुसा आणि बुरशी यांमुळे दम्याचा झटका येऊ शकतो. निरसे दूध कृपया पाजू नका. त्यातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे गंभीर आजार होतात.

प्रश्न : मी निवृत्त गिरणी कामगार, वय अडुसष्ट. बाविसाव्या वर्षी विडी ओढायला लागलो आणि दहा वर्षांपूर्वी पूर्ण सोडली. पाच वर्षांच्या नातीला दमा आहे. आजोबांच्या धूम्रपानाची शिक्षा नातवंडांना मिळते, असे मी वाचले. तेव्हापासून तिची धाप ऐकू आली की माझा जीव तुटतो. हे माझ्यामुळे झाले का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण जे वाचले त्यामागे काही संशोधन आहे, पण त्यातून आपल्यावर दोष ठेवता येईल असा निष्कर्ष निघत नाही.

दक्षिण कॅलिफोर्नियातील मुलांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या चर्चेच्या मुळाशी आहे. मुलाची आई पोटात असताना आईच्या आईने धूम्रपान केले असेल, तर त्या नातवंडांत दम्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला. यामागची कल्पना अशी की, मुलगी गर्भात असतानाच तिची बीजांडे तयार होत असतात. त्यामुळे आजीच्या धुराचा स्पर्श एकाच वेळी तीन पिढ्यांना होतो. मात्र नंतरच्या सर्व अभ्यासांत हा निष्कर्ष टिकला नाही. पुरुषांच्या बाजूने पाहता, उत्तर युरोपातील संशोधनात ज्यांनी पंधराव्या वर्षाच्या आत धूम्रपान सुरू केले, त्यांच्या अपत्यांत दमा अधिक दिसला. आपण बाविसाव्या वर्षी सुरुवात केली होती आणि संबंध अपत्याचा नसून नातीचा आहे. आजोबांच्या विडीने नातीच्या जनुकांवर नोंद उमटते, असे म्हणण्याजोगा पुरावा आज आपल्याकडे नाही. नातीचा जन्म आपण विडी सोडल्यानंतर पाच वर्षांनी झाला, म्हणजे तिच्या घरातली हवा आपण आधीच स्वच्छ केली होती, ही गोष्ट आपण मोजली पाहिजे.

ज्याचा पुरावा भक्कम आहे, ती गोष्ट निराळी आहे. गरोदर स्त्रीच्या धूम्रपानाच्या मिथाइल खुणा नवजात बाळाच्या रक्तात दिसतात. तेरा जन्मगटांतील साडेसहा हजारांहून अधिक बाळांच्या २०१६ सालच्या एकत्रित अभ्यासात अशा हजारो जागा सापडल्या. त्यांतली सर्वांत परिचित जागा एएचआरआर या जनुकावर आहे. प्रौढांत याच जागेवरची खूण धूम्रपान सोडल्यावर हळूहळू भरून येऊ लागते. आपल्या स्वतःच्या रक्तातही गेल्या दहा वर्षांत ते घडत आले असणार.

आपल्याकडे बायका सिगारेट फारशा ओढत नाहीत, म्हणून हा विषय आपला नाही असे समजू नये. दारे-खिडक्या लावून रात्रभर जळणारी डासांची कॉइल हा मुंबईतल्या खोल्यांतला नेहमीचा धूर आहे. एका कॉइलमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातल्या कणांइतके भरते, असे २००३ साली मोजले गेले. नातीच्या खोलीत कॉइल लागत असेल, तर आज रात्रीपासून मच्छरदाणी लावा. हवा बदलली की फरक पडतो, हे स्कॉटलंडमध्ये दिसले आहे. तिथे मार्च २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला बंदी झाली. त्याआधी मुलांना दम्यासाठी रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण वर्षाला सुमारे ५ टक्क्यांनी वाढत होते. बंदीनंतर ते वर्षाला सुमारे १८ टक्क्यांनी घटू लागले. या मुलांची जनुके होती तीच होती.

एक गोष्ट मला इथे आवर्जून लिहावीशी वाटते. पूर्वी मुलाला दमा झाला की सुनेच्या माहेरचा वंश काढला जाई. आता एपिजेनेटिक्सचे नाव घेऊन आईने गरोदरपणी काय खाल्ले, किती काळजी केली, हे विचारले जाऊ लागले आहे. दमेकरी मुलांच्या माता हा दोष मनात घेऊन माझ्यासमोर बसतात. चूल, कॉइल, बाहेरच्या रस्त्यावरचा डिझेलचा धूर यांतले त्यांनी एकटीने काहीच ठरवलेले नसते. आपल्या घरात असे बोलणे होत असेल, तर वडीलधारे म्हणून आपण ते थांबवावे.

प्रश्न : दमा जनुकांतच असेल, तर पंपाने तो कसा बरा होणार? शिवाय पंपाची सवय लागते म्हणतात. आम्ही मुलीला दर कोजागरीला दम्याचे औषध देतो आणि पंप फक्त धाप लागली तरच. हे बरोबर आहे का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : हे बरोबर नाही आणि यात मुलीच्या जिवाला धोका आहे. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी साधारण आठवा भाग भारतात आहे, परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात. रोज घ्यायचा पंप टाळणे आणि फक्त धाप लागल्यावर निळा पंप ओढणे हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. निळ्या पंपातील सालब्युटामॉल आवळलेल्या श्वासनलिका तेवढ्यापुरत्या सैल करते. आतली सूज मात्र तशीच राहते. ती सूज रोज श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड उतरवते.

‘जनुकांतच असेल तर औषध कसे चालेल’ या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मोठे सुंदर आहे, कारण हे औषध जनुकांपर्यंत पोहोचूनच काम करते. दम्यात सूज निर्माण करणाऱ्या जनुकांभोवतीची हिस्टोनची गुंडाळी सैल झालेली असते. स्टिरॉइड पेशीच्या केंद्रकात जाऊन एचडॅक-२ नावाचे विकर तिथे बोलावून घेते. ते विकर गुंडाळी पुन्हा घट्ट करते आणि सूज आणणारी जनुके गप्प होतात. वर सांगितलेल्या नमुना बारामधील चुकीची नोंद रोज सकाळ-संध्याकाळ दुरुस्त करण्यासारखे हे काम आहे. म्हणूनच ते रोज करावे लागते आणि मध्येच सोडले की सूज परतते. यालाच लोक ‘सवय लागली’ म्हणतात. चष्मा काढल्यावर पुन्हा धूसर दिसते, तेव्हा चष्म्याची सवय लागली असे आपण म्हणत नाही. सिगारेटच्या धुराने एचडॅक-२ कमी होते आणि त्यामुळे धूम्रपान करणाऱ्या दमेकऱ्याला तेच स्टिरॉइड कमी लागू पडते, हेही इथेच सांगून ठेवतो.

जनुकांच्या अभ्यासाने औषधांची दिशाही दाखवली आहे. श्वासनलिकेच्या अस्तरातून धोक्याची पहिली वर्दी देणाऱ्या टीएसएलपी या रेणूच्या जनुकाचा दम्याशी असलेला संबंध मोठ्या जनुकीय पाहण्यांत ठळकपणे दिसला आणि त्या रेणूला अडवणारे टेझेपेलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये तीव्र दम्यासाठी मंजूर झाले. ही इंजेक्शने महाग आहेत आणि मोजक्याच रुग्णांना लागतात. तुमच्या मुलीसारख्या बहुतेक मुलांचा दमा नियमित पंपाने काबूत राहतो, पण पंप नीट घेतला तरच.

काही वर्षांपूर्वी एक आजी नातवाचा पंप ‘लागू पडत नाही’ म्हणून तक्रार घेऊन आल्या. मी त्यांना माझ्यासमोर तो द्यायला सांगितला. त्यांनी स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) न लावता पंप नातवाच्या उघड्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरला आणि दाबला. पांढरा फवारा त्याच्या गालांवर आणि माझ्या टेबलावर उडाला. औषध महिनाभर असेच वाया गेले होते. म्हणून तुम्हीही पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांसमोर पंप देऊन दाखवा. पंप हलवून स्पेसरला जोडावा, लहान मुलांसाठी मास्क नाक-तोंडावर फट न राहता बसवावा, एकदाच दाबावे आणि मुलाला पाच-सहा संथ श्वास घेऊ द्यावेत. मोठ्याने मोजले की मुले शांत राहतात. दुसरा फवारा हवा असल्यास अर्धा मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून द्यावा. शेवटी मुलाला चूळ भरायला लावावी आणि मास्क वापरला असेल, तर ओल्या फडक्याने चेहरा पुसून घ्यावा.